नवीन विश्वासणाऱ्यांच्या संगोपनासाठी सहकाऱ्यांना कसे तयार करावे

बाप्तिस्म्याच्या उपासनेनंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आनंद असतो, लोक हात हातात घेतात, चहा होतो आणि सर्वजण आपापल्या घरी जातात. त्या दिवशी पाण्यातून वर आलेला माणूसही आपल्या घरी जातो आणि बहुतेक वेळा त्या घरात प्रभू येशूचे नाव घेणारा तो एकटाच असतो. म्हणून येणाऱ्या आठवड्यात त्याच्या दारी कोण जाणार, कोणत्या दिवशी जाणार आणि सोबत कोणाला नेणार, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय सहकाऱ्यांनी मंडळीतून निघू नये, असा नियम मी नाशिकमधील आमच्या सेवाकार्यात काही वर्षांपासून पाळत आलो आहे. हा नियम एका चुकीतून शिकलो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार असलेल्या एका तरुणासाठी मी एका उत्साही सहकाऱ्याची नेमणूक केली आणि बारा पाठांची एक पुस्तिका त्याच्या हाती दिली. सहकाऱ्याने तीन आठवड्यांत बाराही पाठ पूर्ण केले, तसा अहवाल दिला आणि मी समाधानाने वहीत खूण केली. तो तरुण पुन्हा उपासनेला आला नाही. नंतर कळले, की त्या तीन आठवड्यांत त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि आमच्यापैकी कोणीही तिची चौकशी केली नव्हती. चूक त्या सहकाऱ्याची नव्हती. मी त्याला पाठ शिकवायला शिकवले होते, माणसाची काळजी घ्यायला शिकवले नव्हते.

या लेखात जे मांडत आहे ते पाळक (पास्टर), मंडळीचे वडील (ज्येष्ठ सेवक) आणि घरसभा, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, चालवणाऱ्या बंधू-भगिनींसाठी आहे. ज्यांच्या हाताखाली चार-सहा सहकारी आहेत, पण त्यांना तयार करण्याची निश्चित रीत नाही, त्यांना ते विशेष उपयोगी पडावे.

निवड

पहिली चूक बहुधा निवडीतच होते. ज्याला उत्तम बोलता येते किंवा गाता येते, त्याच्याकडे आपण नवीन माणूस सोपवतो. संगोपनासाठी मात्र ज्याच्या घरी जाऊन बसावेसे वाटते, अशी व्यक्ती हवी. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र लिहिताना दुसऱ्या अध्यायात आपल्या सेवेला आधी मुलांना जपणाऱ्या आईची आणि मग मुलांना बोध करणाऱ्या बापाची उपमा दिली आहे. व्यासपीठावरच्या वक्त्याची उपमा त्याने वापरली नाही. निवड करताना मी त्या व्यक्तीच्या पत्नीशी किंवा पतीशी आवर्जून बोलतो, कारण घरात ज्याचा स्वर चढलेला असतो त्याचा स्वर दुसऱ्याच्या घरात फार दिवस सौम्य राहत नाही.

एका वेळी सहा ते आठ सहकाऱ्यांपेक्षा मोठा गट घेऊ नये आणि एका सहकाऱ्याकडे दोनपेक्षा अधिक कुटुंबे देऊ नयेत. स्त्रियांच्या भेटीला स्त्रियांनीच जावे किंवा पती-पत्नींनी मिळून जावे. एकट्या पुरुष सहकाऱ्याने एकट्या स्त्रीच्या घरी जायचे नाही, या नियमाला अपवाद ठेवू नये. वेळेचाही विचार निवडीच्या वेळीच करावा. अंबड-सातपूरला पाळीत काम करणाऱ्या कामगाराकडे ज्याची स्वतःची पाळी जुळते असाच सहकारी द्यावा, अन्यथा एक जण झोपलेला आणि दुसरा कामावर, असे महिनेच्या महिने जातात आणि दोघांनाही अपराधी वाटत राहते.

शिकवण्याची रीत

शौल, म्हणजे पुढचा पौल, आधी शिष्यांचा छळ करत असे, म्हणून त्याचे परिवर्तन झाल्यावरही यरुशलेमेतील शिष्यांना त्याची भीती वाटत होती. तेव्हा बर्णबा नावाच्या शिष्याने त्याला जवळ घेतले, प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या वतीने बोलला. पुढे तोच बर्णबा त्याला शोधत तार्सास गेला, त्याला अंत्युखियास घेऊन आला आणि दोघांनी तेथील मंडळीबरोबर पूर्ण एक वर्ष शिकवण्यात घालवले. हे प्रसंग प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९व्या आणि ११व्या अध्यायांत आहेत आणि सहकाऱ्यांच्या पहिल्या बैठकीत मी ते वाचून घेतो. त्यानंतर एकच प्रश्न विचारतो: बर्णबाने शौलासाठी काय काय केले, त्याची क्रियापदे सांगा. घेतले, नेले, सांगितले, शोधले, आणले, राहिले, शिकवले. या यादीत शिकवणे शेवटी येते, हे सहकाऱ्यांच्या आपोआप लक्षात येते आणि मला वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

यानंतरचे दोन आठवडे आम्ही केवळ ऐकण्याचा सराव करतो. दोन सहकारी समोरासमोर बसतात. एकाने दहा मिनिटे आपल्या आयुष्यातील एखादी खरी अडचण सांगायची आणि दुसऱ्याने ती ऐकायची. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, वचन सांगायचे नाही, स्वतःचा अनुभव मध्ये आणायचा नाही आणि लगेच प्रार्थनाही सुरू करायची नाही. दहा मिनिटांनंतर जे ऐकले ते त्याने आपल्या शब्दांत परत सांगायचे आणि पहिल्याने ते बरोबर आहे का ते सांगायचे. हा सराव वाटतो त्याहून बराच कठीण आहे. बहुतेक सहकारी तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ओठांवर आलेले वचन अडवू शकत नाहीत. वचन सांगणे चुकीचे नाही, परंतु पूर्ण न ऐकता सांगितलेले वचन समोरच्याला बोलणे थांबवण्याची खूण वाटते. बोलायला आधीच बिचकणारा नवीन माणूस मग पुढच्या भेटीत केवळ 'सर्व ठीक आहे' एवढेच सांगतो.

ऐकणे थोडेफार जमू लागले, की सहकाऱ्याला आपल्याबरोबर भेटीला न्यावे. पहिल्या दोन-तीन भेटींत त्याने काही बोलायचे नाही, फक्त पाहायचे. परतताना रस्त्यात थांबून मी विचारतो: घरात कोण कोण होते, आपण आल्यावर कोण आत निघून गेले, पाणी कोणी आणून दिले, टीव्हीचा आवाज कोणी वाढवला, त्या भाऊंनी प्रार्थनेच्या वेळी दाराकडे का पाहिले? पुस्तकी शिक्षणातून न मिळणारी समज या प्रश्नांतून येते. त्यानंतर भेटीची धुरा सहकाऱ्याकडे द्यावी आणि आपण गप्प बसावे. शिकवणाऱ्याला हेच सर्वांत जड जाते. सहकारी चुकत असला, तरी घरातल्या लोकांसमोर त्याला दुरुस्त करू नये. प्रेषितांच्या काळातील उपदेशक अपुल्लो याची शिकवण अपुरी आहे हे प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या पती-पत्नीच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी त्याला जवळ करून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. चारचौघांत त्याचे उणे काढले नाही. शेवटच्या टप्प्यात दोन सहकारी मिळून माझ्याशिवाय जातात आणि आठवड्याच्या बैठकीत सांगतात. या सर्व प्रक्रियेला साधारण तीन ते चार महिने लागतात आणि घाई करून ती महिन्याभरात उरकता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

भाषा आणि वचन

सहकारी अनेक वर्षे मंडळीत असतात, त्यामुळे आपली भाषा बाहेरच्याला कशी ऐकू येते याचा त्यांना विसर पडतो. निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराला सहकाऱ्याने तारणाविषयी, म्हणजे पापांतून होणाऱ्या सुटकेविषयी, सांगितले, तेव्हा त्याने भाबडेपणाने विचारले, की तारण काय ठेवावे लागेल. त्याच्या रोजच्या जगात तारण म्हणजे बँकेत कर्जासाठी ठेवलेले सोने किंवा जमीन. साक्ष म्हटले, की लोकांना कोर्ट आठवते आणि मध्यस्थ म्हटले, की सोयरीक जुळवणारा किंवा व्यवहार ठरवणारा माणूस. हे शब्द सोडून द्यावेत असे मी म्हणत नाही, कारण ते आपल्या मराठी पवित्र शास्त्राचे शब्द आहेत आणि नवीन माणसाला ते शिकावेच लागतील. परंतु प्रत्येक शब्द आधी साध्या बोलीत उलगडून सांगता आला पाहिजे. यासाठी सहकाऱ्यांना कृपा, पश्चात्ताप, तारण, पवित्रीकरण आणि सहभागिता हे पाच शब्द देऊन ते मंडळीतील कोणताही विशेष शब्द न वापरता समजावून सांगायला लावावे आणि शक्य असल्यास ऐकणाऱ्यांत मंडळीबाहेरचा एखादा स्नेही असावा.

वाचनासाठी मी मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेली येशूची जीवनकथा, सुचवतो. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे, त्यात सोळाच अध्याय आहेत आणि त्यातील गोष्ट वेगाने पुढे जाते. आठवड्याला एक अध्याय धरला, तर चार महिन्यांत ते सावकाश पूर्ण होते. सहकाऱ्याने अध्यायाचे विवेचन तयार करून नेऊ नये. अध्याय मोठ्याने वाचावा आणि येथे येशूने काय केले व तुम्हाला कशाचे आश्चर्य वाटले, एवढेच विचारावे. चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याच्या दाखल्यावर निफाड-दिंडोरीकडील शेतकऱ्यांनी जे सांगितले आहे ते मला अनेक व्याख्यानांतून मिळाले नव्हते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना गोष्ट तोंडी सांगावी, त्यांच्याकडून पुन्हा सांगून घ्यावी आणि मोबाईलवर पवित्र शास्त्राचे ध्वनिमुद्रण ऐकण्याची सवय लावून द्यावी. कळवण-बागलाणकडच्या माणसाने अहिराणीत आणि सुरगाण्याकडच्या माणसाने कोकणा बोलीत प्रार्थना केली, तर सहकाऱ्याने ती प्रमाण मराठीत 'सुधारून' देऊ नये. जी भाषा तो आईशी बोलतो, तीच भाषा पित्याशीही बोलू दे.

घर आणि सण

नाशिकला शरणपूर नावाची वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली. ख्रिस्ती झालेल्या ज्या कुटुंबांना आपल्या गावात आणि नात्यात थारा उरला नव्हता त्यांना तेथे घर, काम आणि शाळा मिळाली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे शिकली. त्या काळाची ती गरज होती आणि ज्यांनी ती भागवली त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. आज परिस्थिती निराळी आहे. आज विश्वास ठेवणारा बहुतेक माणूस त्याच घरात, त्याच भावकीत आणि त्याच गल्लीत राहतो आणि त्याने तेथेच राहावे अशी माझी सहकाऱ्यांना शिकवण असते. भूतबाधेतून मुक्त झालेल्या माणसाने येशूबरोबर येण्याची विनंती केली, तेव्हा प्रभूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले, हे मार्काच्या ५व्या अध्यायात आपण वाचतो.

घरी राहायचे म्हणजे सण येणार. पोळा, गौरी-गणपती, नवरात्राचे घट, दिवाळीचे लक्ष्मीपूजन, सुरगाणा-कळवणकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव, आणि मोठ्या मुलावर येणारे वडिलांचे श्राद्ध. सहकाऱ्यांना सर्वाधिक प्रश्न याच विषयावर विचारले जातात आणि सर्वाधिक नुकसानही येथेच होते, कारण अननुभवी सहकारी एका वाक्यात हुकूम देऊन मोकळा होतो. त्याचे परिणाम मात्र त्या घरच्या सुनेला रोज भोगावे लागतात. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा भाग मी प्रसंग उभे करून घेतो. एक भगिनी सासू होते, दुसरी सून आणि तिसरी सहकारी. सासू नैवेद्याचे ताट सुनेच्या हाती देते आणि तेथून सर्वांनी पुढे बोलायचे. सासूच्या भूमिकेतील भगिनीला बहुधा रडू येते, कारण सुनेने ताट घेण्यास दिलेला नकार तिला आपल्याच नाकारासारखा वाटतो. हे एकदा अनुभवल्यावर सहकारी पुन्हा सहजासहजी कठोर बोलत नाहीत.

या प्रसंगांसाठी पवित्र शास्त्रातील दोन ठिकाणे सहकाऱ्यांनी नीट अभ्यासावीत. १ करिंथकरांस या पत्राच्या ८ ते १० या अध्यायांत पौल मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी बोलतो. मूर्तिपूजेपासून दूर पळा असे तो निःसंदिग्धपणे सांगतो, आणि त्याच वेळी बाजारात विकले जाणारे किंवा एखाद्याच्या घरी पुढ्यात वाढलेले अन्न विवेकभावासाठी चौकशी न करता खाण्याची मोकळीक देतो. मात्र ते वाहिलेले आहे असे कोणी सांगितले, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नये असेही म्हणतो. दुसरे ठिकाण २ राजे या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातील नामान या अरामी सेनापतीचे आहे. अलीशा या संदेष्ट्यामुळे बरा होऊन तो इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागला होता. आपल्या धन्याला हाताचा आधार देताना रिम्मोन या दैवताच्या मंदिरात मला वाकावे लागेल, त्याची क्षमा व्हावी, अशी त्याने विनंती केली, तेव्हा अलीशाने त्याला शांतीने जा एवढेच म्हटले. अलीशाच्या या उत्तराचा अर्थ कोठवर न्यावा याविषयी पाळकांमध्ये मतभेद आहेत. माझे मत असे, की पूजा करणे आणि घरच्यांना साथ देणे यांतील सीमा त्या व्यक्तीने स्वतः प्रार्थनेने आखावी आणि सहकाऱ्याने तिला त्यासाठी वेळ द्यावा. घर झाडणे, पाहुण्यांचा स्वयंपाक करणे, आजारी सासऱ्यांची सेवा करणे यांत पूर्वीपेक्षा अधिक मनापासून हात लावावा, म्हणजे मी आरतीला उभी राहणार नाही हे सांगताना तिचा स्वर बंडाचा ठरत नाही. टिकली, मंगळसूत्र आणि नाव यांविषयी सहकाऱ्याने स्वतःहून विषय काढू नये.

या बाबतीत लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मी प्रत्येक गटाला सांगतो, कारण त्या आपल्याच परिसरातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले आणि त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. टिळकांनी त्यांच्यावर विश्वासाची सक्ती केली नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आणि स्वतः वाद घालून ख्रिस्त स्वीकारला आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे येशूच्या जीवनावरील काव्य त्यांनीच पूर्ण केले. सहकाऱ्यांना मी विचारतो, की तुमच्या घरी अशा लक्ष्मीबाई असत्या, तर तुम्ही किती महिने वाट पाहिली असती?

जेथे सैलपणा चालणार नाही

काही गोष्टी चर्चेवर सोडू नयेत. सहकाऱ्याने कोणालाही औषध बंद करण्यास सांगू नये. प्रार्थना अवश्य करावी, पण रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग किंवा मानसिक आजार यांच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत चालू राहिल्या पाहिजेत. क्षयरोगाचे उपचार महिनोन्महिने चालतात आणि मध्येच सोडल्यास आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, हे प्रत्येक सहकाऱ्याला ठाऊक असावे. विश्वास ठेवल्याबद्दल पैसे, नोकरी, शाळाप्रवेश किंवा बरे होण्याची हमी यांपैकी कशाचेही आश्वासन देऊ नये. अडचणीत मदत करावीच लागते, पण ती मंडळीच्या वतीने, दोघांच्या उपस्थितीत आणि नोंद ठेवून करावी. सहकाऱ्याने स्वतः उसने देऊ-घेऊ नये. एकदा पैशाचा व्यवहार सुरू झाला, की वचनावर मोकळेपणाने बोलणे दोघांनाही अवघड होते.

संविधानाच्या अनुच्छेद २५ने प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु ते स्वातंत्र्य त्या व्यक्तीचे आहे, तिच्या वतीने आपण निर्णय घेण्याचे नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीशिवाय काहीही करू नये. जातीच्या दाखल्याविषयी सहकाऱ्यांनी ऐकीव माहिती देऊ नये: १९५०च्या आणि नंतर दुरुस्त झालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे, तर अनुसूचित जमातींच्या वेगळ्या आदेशात तशी धर्माची अट नाही, म्हणून प्रत्येकाला जाणकार वकिलाकडे पाठवावे आणि कागदपत्रांवर काहीही लपवण्याचा सल्ला कधीही देऊ नये. भेटीचे किंवा बाप्तिस्म्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवू नये. आपल्या आनंदासाठी ठेवलेले एक छायाचित्र त्या व्यक्तीच्या घरी तिच्याआधी पोहोचते.

आठवड्याची बैठक आणि सोपवणूक

दर आठवड्याला तासभर सर्व सहकाऱ्यांनी एकत्र बसावे. वहीत पूर्ण नाव लिहू नये, खूण पुरेशी आहे. किती पाठ झाले हे मी आता विचारत नाही. त्या घरातील सर्वांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का, या आठवड्यात त्यांना कसली चिंता आहे, तुम्ही मागच्या वेळी दिलेला शब्द पाळला का आणि तुम्ही स्वतः कसे आहात, असे विचारतो. शेवटच्या प्रश्नाला बराच वेळ द्यावा लागतो, कारण दुसऱ्यांची दुःखे वाहणारा सहकारी थकतो आणि थकल्याचे सांगायला लाजतो.

साधारण एक वर्षानंतर सहकाऱ्याने मागे सरकायचे असते आणि याची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी. नवीन व्यक्तीला मंडळीतील किमान तीन घरी जेवायला नेले, म्हणजे तिचे नाते एकाच माणसाशी बांधलेले राहत नाही. तिने स्वतः कोणासाठी तरी प्रार्थना करावी, घरसभेत एखादा अध्याय वाचावा, दुसऱ्या नवीन व्यक्तीला भेटायला सोबत यावे. जो सहकारी 'माझ्याशिवाय त्यांचे चालत नाही' असे अभिमानाने सांगतो, त्याच्याशी एकांतात बसून बोलावे लागते.

हंगामी मजुरांच्या बाबतीत वर्षभराची मुदत मिळतच नाही. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षांच्या कामासाठी गिरणारे, दिंडोरी, निफाड या भागांत येणारी कुटुंबे हंगाम संपला, की परत जातात. अशा कुटुंबासाठी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या गावाचे नाव विचारून घ्यावे आणि त्या बाजूची जवळची घरसभा कोणती, ती कोण चालवते, हे शोधून ठेवावे. निघण्याच्या आधी फोनवर दोघांची ओळख करून द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. शक्य असेल तेथे सहकाऱ्याने त्या कुटुंबाबरोबर एकदा गावापर्यंत जावे, एक रात्र तेथे राहावे, संध्याकाळी तेथील बंधू-भगिनींसोबत बसून त्यांना या कुटुंबाविषयी चार शब्द सांगावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत यावे. या प्रवासाचे भाडे मंडळीने द्यावे आणि वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी आधीच रक्कम काढून ठेवावी.